कपाशीजवळ थांबणारी गाडी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी वर्ध्याला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. स्टाफरूममध्ये कोणी अंगात येण्याचे किस्से सुरू केले आणि मी दारात दिसलो, की लोक विषय बदलतात, अशी माझी ख्याती. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण ही लाज छोटी... मोठी पुढे येईल.

आम्ही सावंगी (मेघे)ला राहतो. हॉलला लागून आतली खोली आहे, तिथे माझे वडील असतात. बाबांना लकवा मारला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हाताने चमचा धरतात, व्हीलचेअरचं चाक थोडंफार ढकलतात. समजतं मात्र सगळं.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हातातला मोबाईल सुटावा म्हणून घरी मॉडेल रेल्वे करायला घेतली. ओवी सहावीत, सोहम तिसरीत. प्लायवुड, नागपूरहून आणलेले रूळ, छोटं इंजिन, डबे आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. सोहमला बुलेट ट्रेन हवी होती. ओवी म्हणाली, आबाजींची गाडी करू. म्हणजे पुलगाव-आर्वीची छोटी गाडी, जी बंद पडून जमाना झाला. बाबा तरुणपणी रोहण्याच्या बाजूला मास्तर होते आणि त्याच गाडीने शाळेत जात. बोलता येत होतं तेव्हा मुलांना रंगवून सांगायचे, "स्टेशनवर जातेच कोण? शेताच्या धुऱ्यावर उभं राहाचं अन् हात दाखवाचा. डायवर गाडी थांबवे. मास्तर हाय म्हणे, घ्या त्याले."

मुलांनी जीव ओतला. थर्माकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या भुशाचं गवत. रोहण्याच्या पुढे तर खराट्याच्या काड्यांना खरा कापूस चिकटवून कपाशीचं शेत उभं केलं. सोहमने मातीची म्हैस केली, ती इंजिनापेक्षा मोठी झाली. मी ती काढायला लावली.

"पप्पा, हे आमचं हाये का तुमचं?" ओवीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. कारण तोवर मी ठरवून टाकलं होतं, की हाच आपला गणपतीचा देखावा. कॉलनीत घरगुती देखाव्यांची स्पर्धा असते आणि मागच्या वर्षी शेजाऱ्यांच्या धबधब्याला मिळालेलं बक्षीस माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

गणपती बसले. बाबांची व्हीलचेअर आम्ही देखाव्यासमोर लावायचो, ते तासन् तास गाडी बघायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी कपाशीजवळ थांबली. तिथे स्टेशन नाही, सांधाही नाही. मी रूळ पुसले, मल्टिमीटर लावला, सगळं ठीक. तेवढ्यात गाडी आपोआप निघालीही.

"आबाजीनं हात दाखवला नं, म्हणून थांबली," सोहम म्हणाला.

मी हसलो. पुढचे दोन दिवस हेच. मुलांना खेळच सापडला. मी घरी नसताना तर म्हणे गाडी दर फेरीला थांबायची. मला राग येऊ लागला, कारण परीक्षक यायचे होते.

ते आले संध्याकाळच्या आरतीआधी. समितीतले एक काका, एक काकू आणि मागे निम्मी कॉलनी. मी पुलगाव, विरूळ, रोहणा असं सांगत सांगत गाडी सोडली आणि... कपाशीजवळ थांबली. कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं तर बाबांचा डावा हात वर.

माझं डोकंच फिरलं.

"तुमचा पाय वायरले लागून राह्यला, बाबा! काऊन मधातच बसता नेहमी?"

सगळ्यांसमोर. पाय वायरजवळ नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मी त्यांची खुर्ची फराफरा ओढत आतल्या खोलीत नेली, ढकलून दिली आणि दार लावून घेतलं.

परत आलो, तर गाडी सुरू झालेली. मला वाटलं, बघा, वायरच होती. फेरी पूर्ण करून गाडी पुन्हा कपाशीपाशी आली आणि पुन्हा थांबली. कंट्रोलर फुल्ल. रुळाला मल्टिमीटर लावला, व्होल्टेज पूर्ण. इंजिनाचा दिवा पेटलेला. चाक मात्र हलेना.

ओवीने जाऊन आतलं दार उघडलं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. घाईत मीच तसं ढकलून आलो होतो. डावा हात वर, तळवा उघडा.

ओवी त्यांच्याजवळ गेली. "आबाजी, बसले नं तुमी? जाऊ द्या आता गाडी," म्हणाली आणि हळूच हात खाली घेतला. इकडे गाडी निघाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "वा सर! आतल्या खोलीत सेन्सर बसवला काय?"

आणि मी... मी म्हणालो, "आहे एक युक्ती."

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. मुलांची मेहनत, बाबांचा हात, आणि सत्काराचा नारळ माझ्या हातात. बाबा आतच होते. त्यांना बाहेर आणायचं मला सुचलंही नाही.

विसर्जनानंतर मी सगळा पसारा उकलला. मोटर तपासली, रुळाचा तुकडा बदलला, इंजिन एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राला दाखवलं. "कुठंतरी लूज असेल बे," तो म्हणाला. पण लूज काही सापडलं नाही. योगायोग म्हणावा तर एवढे योगायोग मी वर्गात कोणाला खपवू दिले नसते.

एका रविवारी मी सगळं पुन्हा जोडलं आणि मुलांना बाहेर पाठवून बाबांना पुन्हा गाडीसमोर आणलं. पायाशी बसलो. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. हात दाखवा नं एकदा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. मांडीवरचा हात हलला नाही, गाडी फिरत राहिली. त्यानंतर ती कधीच थांबलेली नाही.

हल्ली एक नवीनच सुरू झालंय. दाराची बेल वाजली, की कोण आलंय हे बघायच्या आधी बाबा डाव्या हाताने चाक ढकलायला लागतात. खुर्ची गोल फिरते, भिंतीला आपटते, तरी ढकलत राहतात... आतल्या खोलीकडे.

गाडी का थांबायची ते मला आजही सांगता येत नाही. बाबा असं का करतात, ते येतं.