ट्रॅकमधला ढोल आणि दामजीकाका

‘वाजवणारा कुठं बसलाय?’

पागोटं बांधलेले एक म्हातारे गृहस्थ स्टेजच्या पायरीशी उभे राहून मला विचारत होते. मी गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात होतो. दोन्ही हात गिटारवर, तोंड माइकपाशी. मी मानेनंच ‘थांबा’ म्हणालो. ते थांबले नाहीत. स्टेजच्या मागं गेले, पडदा उचलून पाहिला, बाजूच्या दारातून बाहेर डोकावले आणि परत आले.

‘ढोल वाजतोय. ढोलवाला कुठं आहे?’

ढोलवाला नव्हताच. ढोल माझ्या लॅपटॉपमध्ये होता.

हे आधी समजावून सांगायला हवं. आम्ही दोघं कार्यक्रम करतो. मी शरद, गिटार वाजवतो आणि खालच्या पट्टीत साथीला गातो. मुख्य गाणं विद्याचं. ती शहाद्यात शाळेत शिकवते, मी तिथंच गिटारचे क्लास घेतो. शनिवार-रविवारी लग्नं, साखरपुडे, निरोप समारंभ. कार्डावर आम्ही ‘अकूस्टिक ड्युओ’ असं छापलंय, म्हणजे एक लाकडी गिटार आणि दोन गळे, बाकी काही नाही.

बाकी काही नाही हे पूर्ण खरं नाही. दीडशे माणसं जेवत असतात, ताटं वाजत असतात, आणि त्यात एकटी गिटार ऐकू येत नाही. म्हणून आम्ही बॅकिंग ट्रॅक वापरतो. बास गिटारचे जाड, खालचे सूर, थोडा तबला, कधी बासरी, असं आधीच तयार करून ठेवलेलं संगीत लॅपटॉपवरून स्पीकरला सोडायचं आणि त्यावर आपण खरं गायचं, खरं वाजवायचं. माझ्या पायाशी एक बटण असतं, फुटस्विच. दाबलं की ट्रॅक सुरू, पुन्हा दाबलं की बंद. कानात एक छोटा इअरफोन, त्यात टिक-टिक चालू. त्याला क्लिक म्हणतात. त्या टिक-टिकेला धरून राहिलो तर ट्रॅक आणि आम्ही बरोबर चालतो. सोडली तर ट्रॅक पुढं निघून जातो. तो कोणासाठी थांबत नाही. एसटीची बस तरी हात केला तर कधी कधी थांबते.

त्या दिवशी अक्कलकुव्याला, हायवेवरच्या एका हॉलमध्ये दुपारचं रिसेप्शन होतं. नवरा रोहिदास, शाळेत शिक्षक, मोलगीच्या खालच्या पाड्यातला. नवरी मनीषा, नर्स, अक्कलकुव्याचीच. लग्न गावात रीतीप्रमाणं लागलं होतं. हे रिसेप्शन दोघांच्या शाळेतल्या, दवाखान्यातल्या आणि ऑफिसमधल्या लोकांसाठी.

बुकिंगला रोहिदास एकटाच आला होता. फार नीट बोलणारा मुलगा.

‘सर, साधं ठेवा. मेलडी पाहिजे. साहेब लोक येणार आहेत.’

‘डीजे नको ना?’

‘अजिबात नको.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘पण शेवटच्या दोन गाण्यांत थोडा आपला ढोल टाकता येईल? गावाकडची माणसं पण असतील. त्यांना बरं वाटेल.’

मी म्हणालो, टाकतो की. त्यात काय.

आणि खरंच त्यात काही नव्हतं. माझ्याकडे विकत घेतलेल्या आवाजांचा एक संच आहे. त्यात जगभरची वाद्यं आहेत. ढोल शोधला, एक फाइल सापडली. नाव होतं ‘फोक ड्रम फास्ट चार’. ऐकली. ढोलासारखी वाटली. चार मात्रांचे चार तुकडे एकामागोमाग चिकटवले, ते फिरत राहतील असं केलं. याला लूप म्हणतात. दहा मिनिटांत काम झालं. चहासुद्धा गरम होता.

तर आता तो लूप वाजत होता आणि पागोटेवाले काका माझ्यासमोर उभे होते. गाणं संपलं. मी फुटस्विच दाबला. ढोल एका क्षणात गप्प झाला. जिवंत ढोल असा कधीच गप्प होत नाही. काकांच्या भुवया वर गेल्या.

रोहिदास नवरीशेजारच्या खुर्चीवरून उठून माझ्याकडं आला. गळ्यात हार, कपाळावर घाम. माझ्या कानाशी म्हणाला, ‘सर, हे माझे काका, दामजीकाका. त्यांना सांगा ढोलवाला बाहेर जेवायला गेलाय.’

‘का बरं?’

‘सांगा ना सर, प्लीज. नंतर बोलतो.’

मी विद्याकडं पाहिलं. आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीतच बोलतो, त्यामुळं स्टेजवरही काही खासगी बोलता येतं. निदान तसं वाटतं.

‘आते काय सांगू?’ मी म्हणालो.

‘खरं सांगी दे, भाऊ,’ ती म्हणाली. ‘खोटं बोलीसन तू दुसरं गाणं कशावर वाजवशीन?’

मुद्दा बरोबर होता. पुढच्या गाण्यात ढोल पुन्हा येणार होता, आणि जेवायला गेलेला माणूस काय ताटावरून वाजवणार? पण मी तोंड उघडायच्या आत तिनंच वाकून सांगितलं, ‘काका, ढोलवाला कोणी नाहीये. मशीन आहे.’

दामजीकाका माझ्याकडं बघत राहिले. मग लॅपटॉपकडं. मग रोहिदासकडं वळले. त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. रोहिदास खाली बघत होता. मग काका आम्हालाही कळावं म्हणून मराठीत म्हणाले, अगदी हळू, ‘मशीनचा ढोल चालतो. माझा चालत नाही?’

मला तेव्हा प्रकार समजला. दामजीकाका ढोल वाजवतात. त्या भागात त्यांच्याशिवाय लग्न होत नाही. गावातल्या लग्नात दोन दिवस त्यांनीच वाजवला होता. आणि रिसेप्शनला निघताना पुतण्यानं त्यांना सांगितलं होतं, काका, तिकडं ढोल नको, तिथं साहेब लोक असतील, बरं दिसणार नाही.

काकांनी पागोटं सारखं केलं आणि दाराकडं चालू लागले. त्यांच्या मागं बायकांची एक रांग उठली. मग तिच्यामागची. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी भांडलं नाही. ताटात वाढलेलं तसंच ठेवून माणसं उठत गेली.

‘भाऊ, समदा उठी ऱ्हायनात,’ विद्या म्हणाली.

हॉलच्या एका बाजूला ऑफिसची मंडळी गुलाबजाम खात बसली होती. दुसरी बाजू रिकामी होत होती. आमच्या धंद्यात असं झालं की काहीतरी जोरकस वाजवायचं असतं, म्हणजे लोक बसतात. मी सवयीनं पाय बटणावर नेला. विद्यानं तिची चप्पल माझ्या पायावर ठेवली.

स्टेजवरच्या खुर्चीतून मनीषा उठली. ‘ही सगळी कुठं चाललीत?’

रोहिदासनं दाराकडं, काकांकडं हात केला.

‘तुम्ही काकांना काय सांगितलं होतं?’

त्यानं सांगितलं. चार वाक्यांत, मान खाली घालून. त्याच्या हेडमास्तरांनी एकदा कुठल्या कार्यक्रमात ढोलावरून काहीतरी टोमणा मारला होता, ते त्याच्या मनात बसलं होतं. मनीषानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मला विचारलं असतंत तर? माझं अख्खं बालपण त्या ढोलावर नाचण्यात गेलंय.’ आणि जड साडी एका हातानं उचलून ती स्टेजवरून उतरली. तिच्यामागं रोहिदास. त्यांच्यामागं मी. मी का गेलो ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण तो लूप मी केला होता.

बाहेर तीन जीपा उभ्या होत्या. हायवेवरून गुजरातकडचे ट्रक धडधडत जात होते, त्यामुळं प्रत्येकाला मोठ्यानंच बोलावं लागत होतं. काका पहिल्या जीपच्या पुढच्या सीटवर बसले होते. मनीषा त्यांच्या बाजूच्या दाराशी उभी राहून त्यांच्याशी बोलत होती. रोहिदास मागं उभा. काका समोरच्या काचेतून बघत होते.

मी दुसऱ्या बाजूनं गेलो. ‘काका, तो ढोल मी केला. त्याच्यात काय चुकलं ते तरी सांगून जा.’

त्यांनी मान वळवली. मला वाटतं, या प्रश्नाची त्यांना अपेक्षा नव्हती.

‘तुझा ढोल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो,’ ते म्हणाले. ‘म्हातारा माणूस विसरतो आणि तेच सांगत बसतो, तसा.’

‘बरोबर. चारच तुकडे आहेत. तेच फिरतात.’

‘चार?’ त्यांना हसू आलं. ‘आणि नाचणारा दमला तर?’

‘दमला तरी तो तसाच वाजतो.’

‘पाय जोरात आले तर?’

‘तरी तसाच.’

‘मग तो कुणाकडं बघून वाजतो?’

मी म्हणालो, ‘कुणाकडंच नाही.’

काकांनी मान डोलावली. डॉक्टरला पेशंटचा आजार सापडल्यावर तो डोलावतो तशी. पुढं दहा मिनिटं आम्ही जीपच्या दाराशी फक्त ढोलाबद्दल बोललो. हात कुठं पडतो, काठी कुठं, नाचणाऱ्या बायकांच्या रांगेचा वेग वाढला की आधी कोणता हात बदलायचा. ते जीपच्या पत्र्यावर वाजवून दाखवत होते. मला निम्मं कळलं. मी चाळीस वर्षं गिटार वाजवतोय आणि निम्मं कळलं.

तेवढ्यात रोहिदास पुढं झाला. काकांशी त्यांच्या बोलीत बोलला. काय ते मला समजलं नाही आणि मी विचारलंही नाही. काकांनी त्याच्या गळ्यातला हार वाकडा झाला होता तो सरळ केला. मग वर बोट दाखवून कोणाला तरी ओरडले. जीपच्या टपावर ताडपत्रीखाली ढोल बांधलेला होता. गावच्या लग्नातून माणसं तशीच इकडं आली होती.

हॉलमध्ये ढोल आला आणि पहिली थाप पडली तेव्हा माझ्या मिक्सरवरचे, आवाज हाताबाहेर गेला की लागणारे सगळे लाल दिवे एकदम लागले. मी काकांसमोर माइक लावायचा विचार केला होता. विचार मागं घेतला. तो ढोल बंद हॉलमध्ये माइकशिवायही छताचे पत्रे हलवत होता.

आता माझ्यातला प्रोफेशनल जागा झाला. म्हटलं, निदान बास आणि बासरी तरी ठेवू, खरा ढोल आणि आपला ट्रॅक एकत्र, छान होईल. मी इअरफोन घातला, ट्रॅक सुरू केला. पहिली आठ-दहा सेकंदं खरंच छान झालं. मग परत येऊन नाचायला लागलेल्या बायकांच्या रांगेनं वेग घेतला. काका त्यांच्या पायांकडं बघत होते, त्यांनीही घेतला. माझ्या कानातली टिक-टिक तिच्याच चालीनं चालली होती. ढोल पुढं, बासरी मागं, मी मधे. एखाद्या गाडीचं एक चाक मोठं आणि एक लहान असावं तसा आवाज यायला लागला.

‘बंद कर ते!’ विद्या माइकवरच ओरडली. सगळ्या हॉलनं ऐकलं.

मी बटण दाबलं आणि कानातला इअरफोनही काढून टाकला. मग आम्ही दोघांनी तेच केलं जे आधीच करायला हवं होतं. काकांकडं बघितलं. दोनच सूर धरून मी त्यांच्यामागं गिटार वाजवत राहिलो. विद्यानं बायकांच्या गाण्याची एक ओळ उचलली, शब्द कळत नव्हते म्हणून नुसत्या आकारात. सुमारे पाऊण तास हे चाललं. त्यात माझी गिटार कोणालाही ऐकू आली नाही. मलाही नाही. पण मनीषा नाचली, रोहिदास नाचला, आणि गुलाबजाम खाली ठेवून ऑफिसची मंडळी रांगेत शिरली. रोहिदासचे हेडमास्तर सगळ्यात वाईट नाचले. काकांनी त्यांच्या पायांसाठी ताल दोनदा हळू केला, मी पाहिलं.

सामान आवरताना मी काकांना विचारलं, ‘तुमचा ढोल रेकॉर्ड करून घेऊ का? म्हणजे पुढच्या वेळी खरा वापरता येईल.’

‘मग मला कोण बोलावील?’

मी हातातली वायर गुंडाळायला लागलो.

‘लग्न असेल तेव्हा फोन कर,’ ते म्हणाले. ‘मी येतो. दूर नाही.’

नंतर आम्ही त्यांना दोनदा बोलावलं. एकदा धडगावच्या रस्त्यावर त्यांची जीप बंद पडली, तरी ढोल पाठीला मारून दुसऱ्या जीपनं आले. उशिरा आले, पण आले.

ट्रॅक मी अजूनही वापरतो. त्याशिवाय दोन माणसांना हॉल भरता येत नाही आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही मला वाटत नाही. फक्त बुकिंगला आता विचारतो, घरात, भावकीत कोण काय वाजवतं. जे वाद्य त्यांच्या घरात आहे ते माझ्या लॅपटॉपमधून काढून टाकतो. ढोल गेला, तोंडानं वाजवायची पावरी गेली, एका लग्नात तर ढोलकीही गेली. बास मात्र बिनधास्त ठेवतो. या जिल्ह्यात आजवर कोणाचे काका बास गिटार वाजवत पुढं आलेले नाहीत.