भाऊ आणि कोरे दंड

अख्ख्या चांदा जिल्ह्यात माणसाला तोंडावरून नव्हे तर दंडावरून ओळखणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि त्याच्या हाताखाली कारकून म्हणून नेमका मी सापडलो. सारे त्यांना देवीवाले भाऊ म्हणत. गावोगाव फिरून देवीची लस टोचायची, हे त्यांचं काम. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलेल्या असत, आणि चैत्राच्या उन्हात भाऊ छत्री धरत ती त्या मडक्यावर. स्वतःचं टक्कल भाजलं तरी त्यांना चाले. लग्नाला गेले तर आधी नवरदेवाची बाही वर करत. माझ्यासाठी पोंभुर्ण्याकडे मुलगी बघायला मी त्यांना हौसेनं नेलं होतं. बाहेर पडल्यावर म्हणाले, "पक्की आहे. दोन्ही वण ठळक." मी नाकाडोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "ते तर तू पाहून राह्यला होता ना."

लस अंगात जाऊन करते काय, हे ते रोज नव्या तऱ्हेनं समजावत आणि रोज माझा गोंधळ वाढे. सोमवारी अंगात जंगलखात्याचे नाकेदार असत, गुरुवारी कुत्रे. "हे पाह्य, गावच्या कुत्र्याइनं बिबट कधी पाह्यलाच नाई. मंग आपण त्याइले रानमांजर दाखवतो. तोंडवळा तोच. एकडाव भुंकले का ध्यानात ठेवते. मंग खरा बिबट आला का वेशीवरच धरते." मी मान हलवली. माझ्या डोक्यात तेव्हा एक नाकेदार रानमांजराची पावती फाडत होता.

त्या गोंधळातच मी घोळ घातला. टोचल्यावर आठव्या दिवशी परत जाऊन दंड तपासायचे असतात. भाऊंना ताप होता, म्हणून जंगलातल्या एका गावी मी एकटाच गेलो. ज्यांच्या दंडावर पिकलेला फोड, त्यांची मी कीव केली. ज्यांचा दंड कोरा, त्यांची पाठ थोपटली. एका बाईची पाच वर्षांची लेक तर इतकी कोरी, की मी तिच्या नावापुढे 'उत्तम' असं लिहिलं.

भाऊंनी ते वाचलं आणि अंथरुणात उठून बसले. "अबे, फोड म्हणजेच भुंकणं. कोरा दंड म्हणजे कुत्रे झोपूनच हायेत. अन् पल्याडच्या गावात दोन घरी देवी निघाल्या." तापातच त्यांनी मडकं उचललं.

बाकीच्या कोऱ्या दंडांनी निमूट टोचून घेतलं. ती बाई मात्र दार अडवून उभी राहिली.

"एकडाव टोचलं ना? याच बाबूनं बेस हाय म्हनलं. आता परत काऊन?"

"बाबू बेअक्कल आहे, बाई."

"मंग त्यालेच टोचा."

भाऊंनी मला टोचलं. टोचणीची फिरकी दंडात फिरली तसा मी ओरडलो, पोरगी खदखदून हसली, आणि हसता हसताच तिनं दंड पुढे केला.

मग भाऊ आठ दिवस त्या गावातच राहिले, मलाही अडकवलं. रोज सकाळी ते उगाच त्या अंगणावरून जात आणि पोरीच्या दंडाकडे चोरून बघत. रात्री जेवण जात नसे. चौथ्या दिवशी दाणा दिसला, आठव्या दिवशी तो टपोरा पिकला. पोरीला ताप भरला, ती रडू लागली, आणि बाई आम्हाला वेशीपर्यंत बोलत आली. "चांगली खेळून राह्यली होती माही पोरगी. तुमी बिमार केली." भाऊ हात जोडून सगळं ऐकत होते. मी कुजबुजलो, "भाऊ, सांगा ना तिला खरं काय ते."

"राहू दे. बोलू दे तिले."

पुढच्या महिन्यात देवी त्या गावातही आल्या, काही घरं फिरल्या. त्यानंतर एकदा बाजारात ती बाई दिसली, लेक बोटाला धरून. लेकीच्या तोंडावर देवीचा एकही वण नव्हता. आम्हाला पाहताच तिनं तोंड फिरवलं. गर्दीत त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत भाऊ तिथेच उभे राहिले, आणि मग दिवसभर माझ्याशी फार गोड बोलले.