कुंडलिकाचा वीरगळ

नातेपुत्याच्या वरच्या अंगाला, शिंगणापूरच्या डोंगराच्या पोटात एक दरा हाय. तितल्या खिंडीत वळीनं वीरगळ उभं हायती. गुरंमेंढरं राखताना झुंजून मेली त्या मानसांचं धोंडं. खाली झुंज कोरलेली, वर म्हादेवाची पिंड. सायबाचं राज हुतं तवा त्या दऱ्यात केराबाई धनगरीन ऱ्हायची.

तिचा नवरा कुंडलिक वाघरानं मारला. दिवस मावळाय आलावता. वाघरू कोकरावर आलं, केराबाई काठी घिऊन मदी गेली, तर त्येनं तिलाच खाली पाडली. कुंडलिक पळत आला आन बायकूवर पालथा पडला. पाट सोलून निगाली त्येची, पर उटला न्हाय. ती वाचली, त्यो गेला. त्येचा थोरला भाऊ कोंडीबा तितंच हुता की! त्यो झाडावर चढला.

सुतक फिटलं तसं केराबाईनं आपली काळी मेंढी दिली आन येळापूरच्या पाथरवटाकडनं वीरगळ घडवून आनला. नवरा वळीत उभा ऱ्हावा, येवडंच मागनं बाईचं.

खिंडीत भावकी जमली. कोंडीबा म्हनला, "मयताला घाव कुटं हुता? पाटीवर. पाट दावनाऱ्याचा धोंडा हितं लागत न्हाय."

केराबाईनं पदर फुडं वडला. "भावजी, त्येंच्या खाली मी हुते. तुमी वरनं बगत हुता की."

"ऐकलं का? नवरा बायकूवर पडला म्हनती! आसल्यांचं धोंडं लावलं, तर दऱ्यात मेंढरं बसाय जागा ऱ्हायाची न्हाय!"

आशी हासली मानसं, मुंडाशाच्या शेवानं डोळं पुसाय लागली. झाडाचं कुनी इचारलंच न्हाय.

आन वर कोंडीबानं त्यो धोंडा उचलून न्हेला आन मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाला पायरी म्हनून पालथा घातला. "ऱ्हाऊ दे केरा, खाली तोंड करून पडायची सवयच हाय त्येला."

जानार कुटं बाई? माह्यार उजाड, मेंढरं दिराच्या हातात. ऱ्हायली तितंच.

फुडं कोंडीबा बाजंवर खोकून खोकून मेला. पोरांनी त्येचा वीरगळ वळीत लावला, वाघराच्या नरड्याला हात घातलेला. पाथरवटाच्या भाकरी केराबाईनंच थापल्या.

पर त्या पायरीवर तिनं मरस्तवर पाय दिला न्हाय. मेंढरं पायरीवरनं जायाची, आन ही कुपाटीतनं, काट्यातनं. पायाची चाळन झाली. बाया एकमेकीला कोपरानं ढोसायच्या, "बग गं, केराला सरळ वाट दिसत न्हाय."