सोळा वर्षांची साक्ष

सुकलालइतका चांगला माणूस मला बावीस वर्षांच्या नोकरीत दुसरा भेटला नाही. आणि त्याचा आला तेवढा संतापही मला दुसऱ्या कोणाचा आलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगते.

साक्री तालुक्याच्या पार पश्चिमेला, डोंगरातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. माहेर वरणगावचं, वडील फॅक्टरीत होते. घर बौद्ध, त्यामुळे देव, भूत आणि डाकीण यांपैकी कशावरच आमच्याकडे कोणाचा विश्वास नाही. इथल्या बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मी रडले होते. आता बदली नको म्हणून मीच अर्ज करते.

सुकलालला पहिल्यांदा पाहिला तो नाल्यात पालथा पडलेला. त्याच्या झोपडीमागे मोहाची भट्टी होती. निम्मी दारू विकायचा, निम्मी स्वतः ढोसायचा आणि उरलेला वेळ बायकोला मारायचा. ललिताच्या भुवईला मी दोनदा टाके घातले. दोन्ही वेळा ती म्हणाली, पाय घसरला.

त्यांचा बबलू चार वर्षांचा असताना तापाने फणफणला आणि त्याला झटके यायला लागले. सुकलाल त्याला माझ्याकडे घेऊन आला नाही, भगताकडे गेला. भगताने सुपात जोंधळ्याचे दाणे टाकले, जोड्या लावल्या आणि वरच्या पाड्यावरच्या कौतिकबाईचं नाव घेतलं. कौतिकबाई एकटी विधवा, मूलबाळ नाही, नवऱ्यामागे राहिलेला जमिनीचा एक तुकडा. दाण्यांत नेहमी अशीच बाई कशी निघते, हे मी तेव्हापासून भगतांना विचारत आले आहे. सुकलाल दारू पिऊन तिच्या दारात गेला आणि 'मना पोर्‍याले सोड' म्हणत त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने तिचा उजवा हात कोपरातून मोडला. मी फळी बांधली, साक्रीला पाठवलं, पण हात वाकडा जुळला तो जुळलाच.

त्याच दिवशी ललिता नवऱ्याच्या नकळत पोराला पाठीशी बांधून माझ्याकडे आली. मी रक्त घेतलं. हिवताप होता आणि तो डोक्यात चढला होता. पोराला आम्ही धुळ्याला हलवलं. तिथे बारा दिवस सलाईन आणि इंजेक्शनं चालली. सुकलाल मागाहून आला, तोही झिंगलेलाच. त्या वॉर्डात भाईदास नावाचे एक ख्रिस्ती पाळक रोज यायचे. आमच्याच भागातले, त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, आमच्याच गावात. ते पेज आणायचे, बबलूच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि सुकलालच्या तोंडाच्या वासाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. तेराव्या दिवशी पोरगं स्वतःच्या पायांनी घरात शिरलं. सुकलालने त्याच दुपारी भट्टी फोडली.

तो पुन्हा कधी प्यायला नाही. मी असल्या गोष्टींवर सहज विश्वास ठेवणारी बाई नाही, पण हे मी जवळून पाहिलं आहे. त्याने आणखी अकरा घरांतल्या भट्ट्या बंद करवल्या, तेही हातापाया पडून. पाड्यावरच्या पोरींना आश्रमशाळेत पोचवून आला. पुढे एक जुनी मोटारसायकल घेतली आणि ती गाडी म्हणजे आमच्या भागाची ॲम्ब्युलन्सच झाली. अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेले, तापाने बरळणारे, सगळे त्याच्या मागे बसून माझ्याकडे आले. जात-धर्म त्याने कधी विचारला नाही. ललिताच्या अंगावर मला पुन्हा वळ दिसला नाही. ख्रिस्ताने याला नवा जन्म दिला असं लोक म्हणायचे, आणि मला त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

त्यांच्या प्रार्थनाघरात दर रविवारी साक्ष होते. ज्याचं काही भलं झालं, तो सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. सुकलालची साक्ष सगळ्यांत नावाजलेली. नाताळच्या जेवणाला ते मला बोलवायचे, तिथे मीही ती ऐकली आहे. ती अशी होती:

"मी दारूड्या व्हतू. मना पोर्‍याले डाकीणनी धरं. मी तिना हात मोडा, पन पोर्‍या बरा नई हुयना. मंग प्रभूनी त्याले तिना तावडीमाईन सोडावं. आज मी त्या बाईले माफ करेल शे. बठ्ठा मनथीन माफ करेल शे."

नाव तो कधीच घ्यायचा नाही. पण वाकड्या हाताची बाई आमच्याकडे एकच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करते. माणूस आपलं पाप चारचौघांत सांगतो, शत्रूला क्षमा करतो, याहून मोठं काय असतं, असं मला वाटलं. सोळा वर्षांत तो ही साक्ष गावोगाव देऊन आला आणि ती ऐकून कितीकांनी दारू सोडली. त्यात काही खोट आहे हे मला, शिकल्यासवरल्या बाईला, एकदाही सुचलं नाही. कौतिकबाईला मात्र कोणी मजुरीला बोलवत नव्हतं, तिच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं. मला वाटायचं, म्हातारी स्वभावानेच एकलकोंडी आहे.

या भाद्रपदात सुकलालला नवापूरकडच्या मंडळ्यांनी आठवडाभर साक्षीला बोलावलं. गाडी घेऊन तो गेला. तिसऱ्या दिवशी गावातल्या सुपडूची सहा वर्षांची रेशमा तापाने पडली. मी त्या दिवशी लसीकरणाला दुसऱ्या टोकाच्या पाड्यावर होते. सुपडू पोरीला खांद्यावर टाकून डांबरी रस्त्यापर्यंत चालत निघाला आणि पोर वाटेतच गेली. चार दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीलाही ताप भरला.

सुपडूही मंडळीतलाच, त्यामुळे तो भगताकडे गेला नाही. जायची गरजच नव्हती. नाव न घेताही ती बाई कोण, हे सोळा वर्षं दर रविवारी सगळ्यांच्या कानावर पडत होतं. दहा-बारा जण काठ्या घेऊन वरच्या पाड्यावर निघाले. भाईदास पाळक आडवे गेले. बाहेर राहिली तर हिला मारतील, म्हणून त्यांनी कौतिकबाईला प्रार्थनाघरात आणलं आणि लोकांना शांत करायला सांगितलं की उपास धरू, हिच्यातला दुष्ट आत्मा निघेपर्यंत प्रार्थना करू. माणूस वाईट नाही. पण उपास मंडळीने धरला तसा तिलाही धरायला लावला, आणि पाण्यावाचून. सत्तरीची बाई.

मला कळलं तेव्हा दुसरा दिवस निम्मा झाला होता. आधी सुपडूच्या धाकटीच्या तोंडात गोळी घातली आणि तिच्या आजीला औषधाच्या वेळा समजावल्या. मग प्रार्थनाघर गाठलं, तर दारावर उभ्या असलेल्या मंडळीतल्या पोरांनी मला आत जाऊ दिलं नाही. मी साक्रीला पोलिसांना फोन केला. गाडी निघाली म्हणाले, पण घाटातून यायला दोन तास सहज लागतात. मी रस्त्यावर उभी राहून चडफडत होते, तेवढ्यात सुकलालची गाडी आली. गळ्यात सत्काराचा हार तसाच होता. मी भडकून सगळं सांगितलं.

"घाबरू नका सिस्टर," तो म्हणाला. "मी समजाडस त्यास्ले. मी ते तिले कव्हयच माफ करेल शे."

"कशाबद्दल?"

"काय?"

"माफ कशाबद्दल केलं?"

"बबलूनाबद्दल."

"बबलूला काय झालं होतं?"

"हिवताप." हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तापाचा माणूस दिसला की सोळा वर्षं तोच रक्त तपासायला घेऊन येत होता.

"हिवताप बाईच्या नजरेने होतो?"

"नई. डासनाघाई व्हस."

"मग तिला माफ कशाबद्दल केलं, सुकलालभाऊ?"

त्याने गाडी स्टँडला लावली. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी आणखी दोन जळजळीत वाक्यं तयार ठेवली होती, ती गिळली. त्याने हार काढून झुडपावर टाकला आणि प्रार्थनाघराकडे निघाला. त्याच्या मागोमाग मलाही आत शिरता आलं.

आत चाळीसेक माणसं होती. ढोलक चालू होतं. पुढे चटईवर कौतिकबाई कुशीवर पडली होती, ओठ फुटले होते, डोळे अर्धवट उघडे. भाईदास पाळक तिच्या उशाशी गुडघ्यांवर. सुकलाल थेट पुढे जाऊन उभा राहिला.

"मनी साक्ष शे," तो म्हणाला. ढोलक थांबलं. लोकांच्या चेहऱ्यांवर हायसं वाटल्याचं मला दिसलं.

"मी सोळा वरीस शेजारीनवर खोटी साक्ष दिधी. बबलूले हिवताप व्हता. ह्या मायनी काहीच करं नई. हात मी मोडा आनि माफ बी मीच करं. माफी ते माले मांगनी व्हती."

मागून सुपडू उठला. पाच दिवस न जेवलेला माणूस तो.

"मंग मनी पोर काब्र मरनी?"

ती का मेली, याचं उत्तर सुकलालकडे होतं.

"मी आठे नव्हतू म्हनीसन, सुपडू. गाडी लई साक्ष देवाले गयथू. आठे राह्यतू ते तिले दवाखानामा लई जातू."

सुपडू त्याच्यावर धावून गेला. दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर, छातीवर मारत राहिला आणि सुकलालने हात वर केला नाही. "याले बी तिनी धरं!" मागून एक बाई किंचाळली. तेवढ्यावर सगळं प्रार्थनाघर उसळलं. भाईदास पाळक मध्ये पडले, सुकलालला भिंतीशी दाबून धरलं आणि जवळजवळ रडत म्हणाले, "सुकलाल, काय करी राह्यना तू? शेकडो लोकेस्नी तुनी साक्ष ऐकीसन दारू सोडी. ते बठ्ठं खोटं का?"

"दारू सोडी ती खरी शे, भाऊ. तितलीच खरी शे."

पाळकांनी त्याला सोडलं. मग ते वळले, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि खाली बसून कौतिकबाईच्या तोंडाला लावला. दोन घोट गेले, तेही उलटून पडले. तेव्हा काही जण निघून गेले आणि काही तिथेच माना खाली घालून राहिले. पोलिसांची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. ललिताने आपलं लुगडं फाडून म्हातारीला सुकलालच्या पाठीशी बांधलं, मी मागे बसून तिची मान धरली आणि तसेच आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत गेलो. पुढे ॲम्ब्युलन्स मिळाली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मूत्रपिंडं गेली आहेत, या वयात फार धरून चालू नका. सुकलाल तिच्या कॉटखाली राहायला लागला. तिचं अंग पुसायचा, भांडं द्यायचा-घ्यायचा, नातेवाईक कोण असं विचारलं की मुलगा म्हणून सांगायचा. रोज सकाळी तिच्या पायांशी बसून म्हणायचा, "अक्का, माले माफ कर." ती छताकडे बघत राहायची. गावाकडे सुपडूची धाकटी बरी झाली, पण सुपडू प्रार्थनेला यायचा थांबला. त्याच्यामागे निम्मी मंडळी थांबली. दोन घरांतून पुन्हा मोहाचा वास यायला लागला. त्याचंही खापर सुकलालवरच फुटलं. प्रार्थना करतोस का अजून, असं मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "करस. पन आते देवले काही सांगत नई. नुसता बसस."

मीही कौतिकबाईला सांगून पाहिलं. दाणे खोटे असतात, भगत खोटा असतो, बबलूच्या रक्तात मी स्वतः डोळ्यांनी हिवताप पाहिला होता. ती ऐकायची आणि पाणी मागायची.

आठव्या दिवशी सुकलालच्या मनाने घेतलं की तिला बबलू दाखवायचा. बबलू जळगावला दालमिलमध्ये कामाला आहे. निरोप मिळाला तसा एसटी पकडून आला. वीस वर्षांचा गडी, बापापेक्षा हातभर उंच, अंगाला डाळीचा वास. हा पोरगा समोर उभा राहिला की म्हातारीला आपोआप पटेल, असं मलाही वाटलं. खरं सांगते, त्या दिवशी मला फार आशा वाटली होती.

"अक्का, हाऊ मना बबलू," सुकलाल म्हणाला. "देख, कसा धडधाकट शे. तू त्याले काहीच करेल नव्हतं. तू कोनलेच काही करं नई."

बबलू वाकला आणि तिच्या पाया पडला. कौतिकबाईने मान वळवली, पोराकडे क्षणभर पाहिलं आणि एकदम घाबरली. धड हाताने पदर ओढून तिने आपले दोन्ही डोळे घट्ट झाकून घेतले.

"लई जाय त्याले आठून, सुकलाल," ती म्हणाली. "एक डाव वाचना तो. मनी नजर परत नको लागाले."