दोनशे बारा रुग्ण, वेदना शून्य

मधुसूदनराव पांढरीपांड्यांनी आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडला नाही. स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीत ‘इतर माहिती’ या रकान्यापुढेसुद्धा त्यांनी सुवाच्य अक्षरात ‘इतर माहिती नाही’ असं लिहिलं होतं, आणि त्यावरून त्यांच्या पत्नी रजनीताई त्यांना तीस वर्षं टोमणे मारत होत्या. घराण्यात तीन पिढ्यांची कारकुनी. चौथ्या पिढीत मधुसूदनराव यवतमाळच्या एका ट्रस्टच्या हाडांच्या दवाखान्यात रेकॉर्ड विभाग सांभाळत. विभाग म्हणजे एक खोली, आठ कपाटं आणि ते स्वतः.

२००६ साली दवाखाना मणक्याच्या ऑपरेशनांच्या राष्ट्रीय नोंदणीत सामील झाला. देशभरच्या दवाखान्यांनी आपापल्या रुग्णांची माहिती कॉम्प्युटरवर भरायची, ती दिल्लीत गोळा व्हायची, आणि तिच्यावरून मोठी माणसं ठरवणार की कुठलं ऑपरेशन चांगलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मधुसूदनराव दोन बोटांनी टाइप करायला शिकले. सावकाश करत, पण चूक म्हणून कधी केली नाही, आणि हे ते कुणी न विचारता सांगत. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने रुग्णाची खबर घ्यायची असे. वेदना किती, शून्य ते दहा? चालता येतं का? कामाला जाता का?

खबर घ्यायची कशी, हे मात्र दिल्लीने सांगितलं नव्हतं. रुग्ण झरी जामणीकडचे, उमरखेडकडचे. कापूस कवडीमोल झालेला, त्यात एसटीचं भाडं भरून कंबर दाखवायला कोण येणार? तेव्हा मधुसूदनराव फोन करत. उमरखेडच्या पलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा होता आणि तांड्यात फोन एकच, देवसिंग नाइकाकडे. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. बाहेरच्या माणसाशी तांड्याच्या वतीने नाइकानेच बोलायचं, ही जुनी रीत. मधुसूदनरावांना ती सोयीची वाटली.

“जमनी अमरसिंग कशी आहे?”

“बरी हाये साहेब.”

“वेदना?”

“कायची वेदना? काई नाई.”

“आणि रामसिंग?”

“तोई बरा. समदे बरे हायेत. तुमी कसे हा?”

“मी बरा.”

एकोणीस रुग्ण, चार मिनिटं. मधुसूदनराव एकोणीस वेळा शून्य टाइप करत आणि चहा मागवत. बाकीच्या गावांत कुठे सरपंच फोन उचले, कुठे किराणा दुकानदार. तेही बरे असत.

दोन वर्षांत दोनशे बारा रुग्ण झाले आणि दवाखाना देशात पहिला आला. दिल्लीहून प्रशस्तिपत्र आलं, त्यावर मधुसूदनरावांचं नाव होतं. पुण्याहून स्पृहा नावाची संशोधक मुलगी आली. तिच्याकडे देशातले चाळीस हजार रुग्ण होते, पण इतक्या बऱ्या कंबरा तिला कुठेच सापडल्या नव्हत्या. शेतातल्या कष्टांमुळे इथल्या लोकांचे मणके लवकर भरून येत असावेत, असं तिचं मत पडलं. तसा लेख ती लिहिणार होती. मधुसूदनरावांनी तिला घरी नेऊन भाकर आणि झुणका खाऊ घातला. ते फार आनंदात होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, फेब्रुवारीत, जमनी रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मागल्या साली कापसाच्या खरेदी केंद्रावर दोन दिवस गाड्यांची रांग लागली होती. भरल्या गाडीवर बसल्या-बसल्या तिला डुलकी लागली आणि ती खाली पडली. कमरेचा मणका मोडला, तो या दवाखान्यात सळ्या आणि स्क्रू घालून बसवला होता. आता ती खिडकीची कड धरून उभी होती. बाकड्यावर बसा म्हटलं तर म्हणाली, बसता येत नाही.

डॉक्टर सलीलने एक्स-रे काढला. स्क्रू ढिला झाला होता. पुन्हा ऑपरेशन करायला हवं होतं, नाहीतर पाय जाण्याची भीती. पहिल्या ऑपरेशनपासून वर्षाच्या आत त्रासाची नोंद राष्ट्रीय नोंदणीत झाली असेल, तर दुसरं ऑपरेशन ट्रस्ट फुकट करत असे. वर्ष संपायला नऊ दिवस होते.

“नोंदीत तर ती ठणठणीत आहे, काका,” सलील म्हणाला. “सहा आठवडे, शून्य. सहा महिने, शून्य. पूर्ण वेळ शेतात काम.”

मधुसूदनरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग जमनीकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला आणि जमनीच्या देखत नंबर फिरवला.

“देवसिंगजी, जमनी कशी आहे?”

“एकदम बरी साहेब. शेतात गेली हाये.”

“ती माझ्यासमोर उभी आहे.”

नाईक म्हणाला, “साहेब, दोन सालाआधी असाच फोन आला. कोन कसा हाये, इचारलं. म्या खरं सांगतलं, बिजलीबाईचा नवरा कर्जापायी औषध पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी तीन जीपा, पेपरवाले अन् पुढारी. तिले तीनदा दारात बसवून फोटो काढले. रडली नाई तं पुन्ना काढले. तवापासून कोनीई इचारलं तं समदे बरे.”

“रामसिंगसुद्धा?”

“रामसिंग जाऊन आठ महिने झाले साहेब.”

मधुसूदनरावांनी रामसिंगचं पान उघडलं. मरणानंतर पाचव्या महिन्यात तो आधाराशिवाय चालत होता आणि पूर्ण वेळ काम करत होता. वेदना शून्य, एवढं मात्र बरोबर होतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरांची लाज वाटली.

वर्षाच्या खबरेचं पान वर्ष भरल्यावरच उघडे. सहा महिन्यांची नोंद मात्र दुरुस्त करता येत होती. कॉम्प्युटर कारण विचारी आणि कारणं दोनच देई. ‘टंकलेखनातील चूक’ म्हटलं, तर दुरुस्ती तिथल्या तिथे मंजूर. ‘इतर’ म्हटलं, तर चौकशी, नव्वद दिवस. खरं सांगावं तर नव्वद दिवस लागणार, आणि जमनीकडे होते नऊ.

मधुसूदनराव बराच वेळ दोन्ही बोटं वर धरून बसले. मग त्यांनी टंकलेखनातील चूक केल्याचं कबूल केलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि जमनीच्या वेदना शून्याच्या नऊ केल्या. दुरुस्ती मंजूर झाली. सलीलने सहाव्या दिवशी ऑपरेशन केलं.

सातव्या दिवशी मधुसूदनरावांनी उरलेल्या दोनशे अकरा जणांबद्दल दिल्लीला आणि स्पृहाला खरं काय ते लिहिलं: रुग्णांना विचारलेलं नाही, नाइकाला, सरपंचांना, दुकानदारांना विचारलं. दिल्लीने पोच दिली. स्पृहाचा मात्र फोन आला.

“काका, तुमचे दोनशे बारा मी काढून पाहिले. चाळीस हजारांत काहीच फरक पडत नाही.”

“मग बरं झालं.”

“नाही ना,” ती म्हणाली. “बाकीच्या ठिकाणी फोन कोण उचलतं, ते मला माहीत नाही.”

लेख तिने थांबवला. प्रशस्तिपत्र मधुसूदनरावांनी भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं. काही दिवस भिंतीवर चौकोन दिसत राहिला.

जमनीच्या दुसऱ्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. रजा टाकली, उमरखेडची एसटी धरली आणि फाट्यावरून तांड्यापर्यंत उन्हात चालत गेले. देवसिंग नाईक पुढे आला आणि म्हणाला, “जमनी बरी हाये साहेब.” मधुसूदनरावांनी त्याला हात जोडले आणि ते तसेच पुढे गेले.

जमनी घरापुढे बसली होती. बसली होती, हे पाहूनच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वही काढली.

“जमनीबाई, दुखतं का? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. किती म्हणाल?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या नाइकाकडे.

“मले इचारून राह्यले का?”

“तुम्हालाच.”

तिने बाजूची गोधडी झटकली आणि त्यांच्यासाठी पसरली.

“मंग बसा,” ती म्हणाली. “येळ लागन.”