मुकुट घासणारा इझिदोर

इझिदोर लापेर लंडनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. तो घरी आला हे पावलांवरून नाही, शिव्यांवरून कळायचं. पॅरिसला तो ब्राँझचा कारागीर होता, दिव्यांवरची पानंफुलं घडवायचा. कम्यून, म्हणजे पॅरिसच्या कामकऱ्यांनी बंड करून उभं केलेलं सरकार, पडलं, सरकारी सैन्याने गल्लोगल्ली माणसं उभी करून गोळ्या घातल्या, तेव्हा बायकोला, ओर्तांसला घेऊन तो बेल्जियममार्गे निसटला. मागाहून कोर्टाने त्याला जन्मठेप ठोठावली. माझा नवराही असाच पळून आलेला. खाली मी लोकांचे कपडे धुवायचे.

लंडनमध्ये नाजूक काम त्याला कुणी देईना. शेवटी पितळी पलंगांच्या कारखान्यात लागला. तिथे त्याच्या वाट्याला काय यावं, तर उशाशी बसवायचे मुकुट कानशीने घासणं!

"सम्राट घालवायला निघालो होतो," तो म्हणायचा, "आणि आता दुकानदारांच्या डोक्याशी मुकुट लावतोय."

इंग्रजी शिकायचं त्याने नावच काढलं नाही. "वसंतात परत जायचंय. कशाला जीभ वाकडी करू?" वसंत येत राहिले. तोवर ओर्तांस मासळीवाल्याशी इंग्रजीत भांडायला लागली होती.

रविवारी दारूच्या गुत्त्याच्या माडीवर आम्हा हद्दपारांची सभा भरे. पुढची क्रांती ठरवायला जमायचं आणि मागची कुणी बुडवली यावर भांडून उठायचं. एकदा गास्पार नावाचा शिंपी उभा राहिला.

"नागरिक लापेर, तू मुकुट बनवतोस हे खरं?"

"घासतो."

"म्हणजे राजेशाहीची चाकरी!"

"आणि तू विजारी कुणाच्या शिवतोस रे? लॉर्ड लोकांच्याच ना? त्यांच्या ढुंगणाची चाकरी चालते वाटतं!"

माडी खदाखदा हसली, पण ठराव झालाच: कारखाना सोड, नाहीतर सभा. इझिदोरने टोपी उचलली. "वा! सैन्याचं अर्धं राहिलेलं काम तुम्ही पुरं करा," म्हणाला आणि जिना उतरला.

पुढे पॅरिसहून बातमी आली की माफी मागेल त्याला परत येता येईल. ओर्तांसची आई अंथरुणाला खिळलेली. ओर्तांस माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "एक अर्ज कर. दोन ओळी. काय बिघडतं?"

"माफी? मी कशाची मागू? गोळ्या त्यांनी घातल्या!"

"माझी आई मरतेय, इझिदोर."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. तिच्यावर काही खटला नव्हता. ती एकटीच गेली. निघताना मला म्हणाली, "त्याला सूप देत जा गं. मीठ कमी म्हणून ओरडेल, लक्ष देऊ नकोस."

तो ओरडायचाच.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांनाच सरसकट माफी मिळाली, न मागता. आम्ही सारे एकाच बोटीने परतलो. इझिदोर बोटीवर गात होता, मी पहिल्यांदाच ऐकलं. पॅरिसमध्ये नव्या राष्ट्रीय सणाचे झेंडे लागले होते, रस्त्यात लोक नाचत होते. ज्या भिंतीपाशी त्याचा मित्र मारला गेला, तिथे एक बाई लिंबाचं सरबत विकत होती.

"इथे माणसं मारली होती, माहीत आहे?" त्याने विचारलं.

"असेल बाबा," ती म्हणाली. "गोड हवंय की आंबट?"

त्याचं जुनं काम आता साचे आणि यंत्रं करत होती. जुना मालक म्हणाला, "आता फुलं ठोकून काढतात, लापेर. घडवत कुणी नाही." ओर्तांसची आई गेली होती. ओर्तांसने एका खोलीत शिवणकाम मांडलं होतं, आणि तिथे टेबल एकाच माणसापुरतं होतं. इझिदोर म्हणाला, "चल, लंडनला परत जाऊ." ती म्हणाली, "दोनदा घर मोडलंय. तिसऱ्यांदा तू मोड, मी नाही."

तो राहिला, तिच्याच खोलीत. गॅसच्या नळ्या जोडायचं काम मिळालं. मुकादम निघाला कम्यून मोडायला पॅरिसमध्ये शिरलेल्या सैन्यातला! इझिदोरला त्याच्याशी भांडायचं होतं, पण तो माणूस भांडेच ना. खाली मान घालून तंबाखू पुढे करायचा.

"वाईट असता तर बरं झालं असतं," इझिदोर माझ्याकडे येऊन चिडायचा. "एक ठोसा देऊन मोकळा झालो असतो. आता या चांगुलपणाचं करू काय?"

तंबाखू त्याने घेतली नाही. काम मात्र सोडलं नाही. संध्याकाळी तो अजूनही शिव्या देत जिना चढतो. ओर्तांस शिवण बाजूला सारून टेबल मोकळं करते, आणि दोघं आळीपाळीने जेवतात.