लुदूबायची अर्ध्या ओळीची शाळा

"शाळा सुटली की पोरां इतकी खूश होतत, तर मगे शाळेत घालूची कित्याक?"

लुदविना परेरा हे एकदा फादरच्या तोंडावर म्हणाली. फादर नवे होते, वसईकडचे. वाडीतल्या घरांची ओळख करून घेत हिंडत होते. परेरांच्या ओसरीवर ऐन शाळेच्या वेळी दोन पोरं नारळाची झावळं विणत बसलेली दिसली म्हणून त्यांनी साधी चौकशी केली होती. उत्तर ऐकून त्यांनी चहा संपवला आणि ते पुढच्या घरी गेले. तिथे त्यांना कळलं की या बाईशी वाद घालायला वाडीत आता कोणी जात नाही.

वाडी देवबागच्या वाटेवर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं, होड्या. नवरा इनास याची पावाची भट्टी होती. पहाटे तो सायकलला टोपली बांधून भोंगा वाजवत निघायचा. लुदविनाला सगळी वाडी लुदूबाय म्हणे. घरात गाऊन, चर्चला फ्रॉक आणि बाजाराला साडी असा तिचा रिवाज. फुटक्या बादल्यांत ती गुलाब लावी. मालवणच्या वाचनालयातून रहस्यकथा आणी आणि शेवटचं पान आधी वाची, म्हणजे मग मधलं शांतपणे वाचता येतं. क्रिकेटची कॉमेंट्री लागली की रेडिओ भट्टीजवळ, आणि त्या दिवशी पाव थोडे जास्त भाजलेले.

पोरांना शाळेतून काढायचं असं तिने ठरवलं नव्हतं. थोरली एल्मा दुसरीत असताना, अठ्ठ्याण्णवच्या पावसात, तिला कावीळ झाली. बरं वाटायला दिवाळी आली. तोवर आईने घरीच पुस्तक पुरं करून घेतलं होतं आणि पुढच्या वर्षीचं आणून ठेवलं होतं. शाळेतले गुरुजी दोनदा येऊन गेले. पहिल्या खेपेला समजावून गेले, दुसऱ्या खेपेला ताजे पाव घेऊन गेले. धाकटा जोकी तर शाळेत गेलाच नाही. एकदा चव लागली की सुटत नाही, तसं तिचं शिकवण्याचं झालं. ती स्वतः बारावी झालेली, लग्नाआधी सावंतवाडीला बालवाडीत दोन वर्षं होती, एवढंच भांडवल.

तिची शाळा कुठे भरत नसे, सगळीकडेच असे. पाव गुंडाळायला रद्दी येई, तीच मराठीच्या वाचनाला. त्यामुळे दिल्लीतलं सरकार पडून महिना झाला तरी परेरांच्या घरात ते चालू असे. पावांच्या लाद्यांवर अपूर्णांक. विज्ञान मासळीवर अवलंबून. मोठी सुरमई आली की ती अंगणातूनच ओरडे, आज सायन्स आसा. मग काळीज कुठलं, कल्ले कसले, पोटात काय सापडलं, सगळं पाटावर मांडलं जाई. बारकी तारली आली की सायन्सला सुट्टी.

पण बाकी सगळं पाठांतर ती एकाच तऱ्हेने घेई, आणि ती तऱ्हा तिने क्रुसापाशी उचलली होती. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापुढे लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते. संध्याकाळी माणसं जमतात, मेणबत्त्या लावतात, एकजण अर्धी ओळ गातो आणि उरलेली सगळ्यांनी मिळून गायची. शेवटी उकडलेले चणे मिळतात. लदीनची पहिली ओळ उचलायला वाडीत लुदूबायच. तिचा आवाज खाडीपलीकडे जातो असं लोक म्हणत. तोच आवाज, तीच चाल तिने पाढ्यांना लावली. ती भट्टीपाशी पिठाचे गोळे वळत "सात अठ्ठे" म्हणे, आणि अंगणातून, माडाच्या बुंध्यावरून, विहिरीच्या काठावरून पोरांचं "छप्पन" येई. ती "महाराष्ट्राची सर्वांत लांब नदी" म्हणे, पोरं "गोदावरी" म्हणत. "अकबराचो मुलगो" आणि "जहांगीर" यांच्यामध्ये अंगणात वाळणाऱ्या मासळीसाठी "जोकी, मांजर बघ रे, खारं पळवता" हेही त्याच चालीत बसलेलं असे. हात कधी थांबत नसत आणि शाळाही थांबत नसे.

रोज दारावर मासे घेऊन येणारी सत्यवती हे ऐकून ऐकून शिकली. तिची टोपली अजून वळणावर असे आणि तिकडूनच ती पोरांबरोबर छप्पन म्हणून मोकळी होई.

"लुदूबाय, तुझ्या शाळेची फी काय गो?" तिने एकदा विचारलं.

"फी नाय. मास्तरणीक एक वाटो बांगडे दी."

"आणि नापास झालंय तर?"

"तर दोन वाटे."

सत्यवतीची मुलगी रिया एल्माच्याच वयाची. ती एसटीने मालवणच्या हायस्कुलात जाई. सुट्टीच्या दिवशी या दोघी खाडीच्या बाजूला पाण्यात पाय सोडून बसत, आणि रिया सांगे. मधल्या सुट्टीत डबे कसे फिरतात, कोणाच्या डब्यातली घावनं कोण पळवतं, कबड्डीच्या संघात उंच मुलगी हवी आहे, पीटीचे सर कसे चालतात. शेवटचं ती चालून दाखवे. एल्मा हसून हसून पाण्यात पडायची बाकी राही. घरी आल्यावर मात्र ती यातलं काही बोलत नसे.

ती बोलली ती बापाशी. दोन हजार चारच्या मे महिन्यात, भट्टीतली राख काढताना. आणि इनासने ते संध्याकाळी, पीठ मळताना, बायकोकडे न बघता पुढे सरकवलं.

"चेडू शाळेत जाऊक बघता. तुका सांगूक भियाता."

"माका भियाता? मी काय वाघ आसंय?"

इनास मळून झालेलं पीठ पुन्हा मळू लागला.

त्या रात्री पाढे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही सकाळपासून ओसरी गप्प होती. सत्यवतीने वळणावर दोनदा थांबून कानोसा घेतला आणि दारात येऊन विचारलं की घरात कोणी आजारी आहे का. लुदूबायने बांगडे घेतले, नेहमीसारखी घासाघीस केली, पण मन त्यात नव्हतं; सत्यवतीला मागितलेला भाव मिळाला आणि तिला उलट चुकल्यासारखं झालं. दुपारी लुदूबायने एल्माला समोर बसवून केसांना तेल लावलं. भांग पाडता पाडता विचारलं, घरात काय कमी आहे. एल्मा म्हणाली, काहीच नाही. मग तिथे काय जास्त आहे, असं विचारल्यावर पोरगी म्हणाली, "पोरां."

तिने वेणी घातली, जरा घट्टच.

इनासने फादरना गाठलं, आणि फादरनी रियाच्या हायस्कुलातल्या हेडमास्तरांना सांगून ठेवलं. दाखला नाही, मधल्या कुठल्याच इयत्तेचा कागद नाही, म्हणून शाळाच परीक्षा घेईल आणि जमलं तर आठवीत बसवेल, असं ठरलं. वाडीत ही बातमी झावळाला वाळवी लागावी तशी पसरली. पास झाली तर पोरगी जाणार. नापास झाली तर घरीच राहणार, पण मग इतकी वर्षं लुदूबायने पोरांचं नुकसान केलं, हे म्हणायला सगळे मोकळे. यातलं तिला काय हवं होतं ते तिने कोणाला सांगितलं नाही. इनास म्हणतो, त्या आठवड्यात तिने तीन वेळा पिठात मीठ घातलं नाही, आणि एकदा दुप्पट घातलं.

परीक्षेच्या दिवशी साडी. जोकीला सत्यवतीकडे ठेवून मायलेकी एसटीने मालवणात आल्या. सुट्टी संपायची होती म्हणून शाळा रिकामी होती. एका वर्गात बाकं एका बाजूला सारलेली, मधल्या एका बाकावर एल्मा, आणि समोर वर्षाली मॅडम. या तिथे नव्याच लागल्या होत्या, पोरसवदा, हसऱ्या. लुदूबायला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. खिडकी उघडीच होती.

प्रश्नपत्रिका हाताने लिहिलेली होती. गणित, इतिहास, भूगोल, थोडं मराठी. एल्माने ती वाचली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग ती नुसती बसून राहिली.

व्हरांड्यातून लुदूबायला तिची पाठ आणि वेणी दिसत होती. पहिली काही मिनिटं तिला वाटलं, विचार करतेय. मग वाटलं, घाबरलीय. पोरगी मधूनच मान वर करून खिडकीच्या दिशेने कान दिल्यासारखी थांबत होती, आणि ते पाहिल्यावर लुदूबायला एकदम कळलं. पोरीला सगळं येत होतं. पण आजवर पहिली अर्धी ओळ तिला कधी म्हणावीच लागली नव्हती. ती आईने राखली होती. पोरांच्या वाट्याला फक्त दुसरी अर्धी. कागदावर सात गुणिले आठ असं नुसतं लिहिलेलं होतं आणि ते उचलून देणारं कोणी नव्हतं.

"सात अठ्ठे" तिच्या ओठांवर आलं. तिने पदर तोंडाशी धरला. गप्प बसलं तरी कोणी तिला बोल लावू शकणार नव्हतं. तासाभराने पोरगी कोरा कागद देऊन बाहेर आली असती, दोघी एसटीने घरी गेल्या असत्या, संध्याकाळी भट्टीपाशी पुन्हा पाढे सुरू झाले असते. लोक बोलले असते आणि कंटाळून थांबले असते.

वर्षाली मॅडम बाहेर आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मुलगी काहीच लिहीत नाही हो. थोडं काही तरी येत असेल ना तिला?"

"सगळं येतं तिला," लुदूबाय म्हणाली. कचेरीत आणि शाळेत बोलायची मराठी ती नीट बोलत असे. "फक्त सुरुवात मी करते."

मॅडमना हे कळलं नाही. सुरुवात करून दिली तर चालेल का, असं लुदूबायने विचारलं नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं आणि ते बरोबरच होतं. ती उठून खिडकीपाशी गेली. गजांना हात लावून उभी राहिली.

"एल्मा," ती म्हणाली. "माझां अर्धां पण आता तूच म्हण गो."

मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागल्या होत्या. मग वर्गातून आवाज आला, आणि लुदूबाय दचकली, कारण तो तिचाच होता. तीच लदीनची चाल, तोच शेवटी वर चढणारा सूर, फक्त लहान केलेला. सात अठ्ठे, म्हणाला तो आवाज. आणि लगेच दुसऱ्या, एल्माच्या आवाजात, छप्पन. पेन कागदावर टेकलं. पुन्हा आईच्या आवाजात महाराष्ट्राची सर्वांत लांब नदी, आणि पोरीच्या आवाजात गोदावरी. अकबराचो मुलगो आलं, त्यामागोमाग "जोकी, मांजर बघ रे, खारं पळवता" हेही जसंच्या तसं आलं, आणि मग जहांगीर. मांजराशिवाय जहांगीर येतच नव्हता.

वर्षाली मॅडमनी तोंडावर हात दाबला. हेडमास्तर ऑफिसातून बाहेर आले होते. कोणाला वर्गात बसू दिलंय, म्हणून ते रागाने खिडकीशी आले आणि पाहतात तर आत एकटीच मुलगी बसलेली, एका हाताने लिहितेय आणि स्वतःशीच दोन बायकांचं बोलणं करतेय. "भात करपता गो," असंही मध्येच ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मॅडमना खुणेने सांगितलं, चालू द्या.

लुदूबाय बाकावर येऊन बसली. इतकी वर्षं आपण बोललो ते तिने पहिल्यांदाच बाहेरून ऐकलं. किती ओरडतो आपण, हेही.

हळूहळू तो आवाज उतरू लागला. आधी चाल गेली. मग आईचा आवाज आणि पोरीचा आवाज यांतला फरक ऐकू येईनासा झाला. मग नुसतं पुटपुटणं राहिलं, लदीन संपताना घराकडे वळलेली माणसं पुटपुटतात तसं. पुढे तेही थांबलं. पेन चालत होतं. एल्माने एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पान उलटलं. ओठ हलत नव्हते.

हेडमास्तर लुदूबायजवळ आले. म्हणाले, पेपर तपासायचीसुद्धा गरज नाही. सोमवारपासून पाठवा, आठवीत बसवतो. गणवेशाचं कापड बाजारात मिळेल. मग त्यांना वाटलं, थोडं आणखी काही बोलावं. ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात, असं त्यांनी आदराने विचारलं. मॅडमही उत्तरासाठी थांबल्या. रिया फाटकाशी येऊन उभी राहिली होती. परीक्षा झाल्यावर दोघी मैत्रिणींनी बाजार फिरून संध्याकाळच्या गाडीने परतायचं ठरवलं होतं.

एरवी लुदूबायने यावर तासभर सांगितलं असतं; पण आज इथे पहिली ओळ तिने उचलायची नव्हती. तिने हेडमास्तरांकडे पाहिलं. मग खिडकीतून आत पाहिलं. एल्मा कागदावर वाकली होती. तिने मान वर केली नाही.

लुदूबायने पिशवी खांद्याला अडकवली, पायरीशी काढलेल्या चपला पायात घातल्या, आणि एकटीच मैदान ओलांडून, फाटकाशी रियाला वर्गाची खिडकी दाखवून, बाहेर गेली.